सोसायटीचा भूकंप

मुक्ताबाई जेवायला बसल्या होत्या आणि फडताळातल्या वाट्या आपोआप किणकिणल्या. सुनेनं, सुलेखानं, फोनवर पाहिलं. हिंगोलीकडे जमीन हलली होती आणि भूकंपाचा अभ्यास करणारी एक संस्था लोकांना विचारत होती, तुम्हाला काय जाणवलं?

मुक्ताबाई हरखल्या. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे देवगाव रंगारीला त्यांची बाज हलली होती, तेव्हा सासऱ्यांनी स्वप्न म्हणून त्यांना गप्प केलं होतं. आता कुणीतरी आपणहून विचारत होतं. त्यांनी सुलेखाकडून अगदी खरं तेवढंच कळवलं. चौथा मजला, वाट्या वाजल्या, बाकी काही नाही.

सुलेखानं हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. अध्यक्ष अप्पारावांनी लगेच फर्मान काढलं, की सगळ्यांनी काकूंना साथ द्यावी. तळमजल्यावर कुणाला काही कळलंच नव्हतं, पण गणपतीच्या वर्गणीतही मागं राहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी संस्थेला कळवताना भांडी पाडली. मग दुसऱ्या मजल्यानं कपाट पाडलं. अप्पारावांनी, अध्यक्ष या नात्यानं, भिंतीला तडा दिला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतून तनुजा नावाच्या संशोधक मुलीचा फोन आला. साऱ्या सिडकोत हलका धक्का आणि एकाच इमारतीत हाहाकार, हे तिला पटेना. खोटं असेल तर सगळं वगळावं लागेल, म्हणाली.

"माझ्या वाट्यापण?"

"त्यापण, आजी. खरं कुठलं, ते आम्हाला कसं कळणार? तडा बघायला उद्या माणूस पाठवते."

मुक्ताबाई तडक तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. अप्पारावांकडे फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं होतं. चहा चालला होता.

"अप्पाराव, तडा कुठंय? उद्या माणूस येतोय बघायला."

गिऱ्हाईकानं कप खाली ठेवला. "कसला तडा?"

"तडा नाय हो," अप्पाराव घाईनं म्हणाले. "सोसायटीची शान म्हणून लिहिला नुसता."

"मग आत्ताच खरं लिहा," मुक्ताबाई म्हणाल्या. "ह्या पाव्हण्यांसमोर."

अप्पारावांनी लिहिलं, आणि मग दारोदार फिरून सगळ्यांना लिहायला लावलं. तळमजल्यानं नापास झाल्यासारख्या चेहऱ्यानं कळवलं, काहीच जाणवलं नाही.

संध्याकाळी तनुजाचा पुन्हा फोन आला. चौथ्यावर वाट्या, दुसऱ्यावर जेमतेम पंखा हलला, खाली काहीच नाही. मजल्यामजल्यावरचा हा फरक तिला फार मोलाचा वाटत होता. "आणि तळमजल्याला सांगा, काही जाणवलं नाही, हेही आमच्या कामाचं असतं."

मुक्ताबाईंनी हे जिन्यातूनच मोठ्यानं सांगितलं. तळमजल्यावर त्या आनंदात भजी तळली गेली. पहिली बशी चौथ्या मजल्यावर गेली. दुसरी अप्पारावांच्या गिऱ्हाईकाला मिळाली, कारण ते तळमजल्यावर बसून, इथं खालीच एखादा फ्लॅट मिळेल का, याची चौकशी करत होतं.