आधी अर्थिंग बघा

आमचे शेजारी विश्वनाथअप्पा रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन अंगणात येतात. ते पाणी तुळशीला घालत नाहीत, सूर्यालाही दाखवत नाहीत. मीटरखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओततात. माती ओली असली की वाट चुकलेला करंट मुकाट जमिनीत उतरतो, असं त्यांचं म्हणणं. कपिलधारच्या यात्रेहून परतलेले पाहुणे एकदा त्या खड्ड्याला हात जोडून गेले. अप्पांनी त्यांना अडवलं नाही.

अप्पा आमच्याच कॉलेजात, युसूफ वडगावात, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. मी मराठी. जगातल्या झाडून सगळ्या दुखण्यांवर त्यांचं औषध एकच, "आधी अर्थिंग बघा." फ्रीज बंद पडला, अर्थिंग बघा. सरपंच निवडणुकीत पडला, तर "त्याचं जमिनीशी अर्थिंगच तुटलतं." माझी कंबर धरली तेव्हाही त्यांनी मला चपला काढायला लावून मातीत उभं केलं. कंबर तशीच राहिली, वर सर्दी झाली.

गेल्या वर्षी त्यांच्या मंडळींना, कमलकाकूंना, ऐकू येईनासं झालं. दुकानातलं कानाचं मशीन लई शिट्ट्या मारायचं. काकूंनी ते काढून डाळीच्या डब्यात टाकलं. अप्पा म्हणाले, "मी करतो घरी." आणि लॅपटॉपवर एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जगभरातली हौशी माणसं ते मिळून बनवतात. त्यात सर्किट काढून बटण दाबलं, की ते खरं बनवायच्या आधीच चालेल की नाही ते कळतं.

अप्पांनी बटण दाबलं. पडद्यावर आलं, या सर्किटला अर्थिंग नाही.

आता हे कुणाला सांगावं? हलवायाच्या तोंडावर साखर नाही म्हणावं तसं झालं. अप्पांनी पुन्हा काढलं, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज यायचा, "कावून बे? कावून?" असं का, ते लॅपटॉपला विचारत होते.

शेवटी माझ्याकडे आले. "सर, सॉफ्टवेअरात किडा हाय. भांडायला भाषेचा माणूस लागतो. चला."

आम्ही बनवणाऱ्यांना खरमरीत तक्रार लिहिली. उत्तर आलं, आमच्याकडे चालतंय, तुमची फाईल पाठवा.

"जावयावानी गोड बोलायलेत," अप्पा म्हणाले. पण फाईल पाठवली.

उत्तर आलं त्या सकाळी अप्पांनी मला हाक मारली. भरलेला तांब्या ओट्यावर तसाच होता. पलीकडच्यांनी लिहिलं होतं, आमच्या सॉफ्टवेअरात अर्थिंगच्या जागी शून्याचा आकडा लिहावा लागतो. तुम्ही तिथं जे लिहिलंय ते आमचं शून्य नाही, कुठल्या तरी दुसऱ्या लिपीतलं चिन्ह आहे.

मी चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं. "अप्पा, हे शून्य मराठी आहे."

"मंग? मराठी शून्याला किंमत न्हाई का?"

"शून्याला कुठल्याच भाषेत नसते. पण तुमचा कीबोर्ड मराठीत कावून?"

अप्पांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. काकूंना ऐकू येत नव्हतंच, तरी. "बोलायचं ते मोठ्या अक्षरात लिवून दावतो तिला. नंतर कीबोर्ड बदलायचा राहून जातो."

त्यांनी लॅपटॉपवरची खिडकी बदलली तेव्हा काकूंसाठी लिहिलेलं त्या दिवशीचं बोलणं अजून पडद्यावर होतं. "शेवगा फुललाय. बाहेर येऊन बघ. चहा मी टाकतो." इतकी वर्षं शेजारी राहतो, पण हा माणूस बायकोशी 'चहा दे' आणि 'येतो' याच्या पुढं बोललेला मी कधी ऐकला नव्हता.

अप्पांनी इंग्रजी शून्य टाकलं आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरवी लाट सरसर धावायला लागली. सर्किट चाललं, शिट्टीचं नावसुद्धा नव्हतं.

"कमल," अप्पांनी सवयीनं हाक मारली, मग स्वतःच उठून काकूंना घेऊन आले. कीबोर्ड मराठीत आणला. लिहिलं, "झालं. आता मशीन बनवतो. तुला ऐकू येईल."

काकूंनी वाचलं. हसल्या नाहीत. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाल्या, "मंग तुमी लिवायचं बंद करणार का?"

अप्पांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग एका बोटानं, सावकाश, लिहिलं.

"न्हाई."

मला तिथं थांबवेना. बाहेर आलो, तर ओट्यावर तांब्या होताच. मी तो उचलला आणि अर्थिंगला पाणी घातलं.