आठशे चाळीस जणांचे आजोबा

लॅब बंद व्हायला चार मिनिटं उरली होती आणि लॅबकरच्या पडद्यावर दोनच ओळी होत्या. लॅबकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. इतर मुलं लॅबमध्ये तासापुरती यायची आणि हा बघावं तेव्हा तिथेच सापडायचा, म्हणून वर्गाने त्याला ते बहाल केलं होतं. संख्याशास्त्राचा तास असो की इंग्रजीचा, हा आपला कोपऱ्यातल्या मशीनवर. आपण लिहिलेल्या पानाने डेटाबेसला प्रश्न विचारावा आणि डेटाबेसने मुकाट्याने उत्तर आणून द्यावं, यात त्याला जे सुख मिळे ते जेवणातही मिळत नसे. त्यामुळे प्रोग्रॅमिंगमध्ये तो वर्गात पहिला होता आणि त्याची हजेरी एकसष्ट टक्के होती.

गैरहजर मुलांच्या पालकांना दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आपोआप मेसेज जायचा. आईला असे दोन मेसेज जाऊन चुकले होते. आई इस्पितळात हेड नर्स होती आणि तिच्या वॉर्डात थर्मामीटरसुद्धा विचारल्याशिवाय जागचा हलत नसे.

"अजून एक मेसेज येऊ दे," ती म्हणाली होती, "की कॉलेज बंद. मामाच्या काचसामानाच्या दुकानात बसायचं. तिथं निदान तू कुठं आहेस ते मला कळेल तरी."

आई रागाने बोलली असती तर काही वाटलं नसतं. पण ती पोळ्या लाटता लाटता, लाटणं न थांबवता बोलली होती, म्हणजे तिचं ठरलं होतं. दुकानात सर्व्हर नव्हता, डेटाबेस नव्हता. होता तो फक्त मामा.

आणि आज पुन्हा दोन तास बुडाले होते.

आता डेटाबेसच्या सरांचं एक तत्त्व होतं. "खोट्या माहितीवर शिकून हात बसत नाही," असं ते म्हणत. म्हणून त्यांनी लॅबची सगळी मशीनं थेट कॉलेजच्या खऱ्या डेटाबेसला जोडली होती. पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला होता आणि त्याखाली 'पुसू नये' असंही लिहिलं होतं. कुणी पुसला नव्हता.

लॅबकरने लिहिलेल्या दोन ओळींचा अर्थ अगदी साधा होता. पहिली ओळ सांगत होती, की विद्यार्थ्यांच्या तक्त्यात पालकांचा फोन नंबर बदल आणि तिथे आजोबांचा नंबर टाक. दुसरी ओळ सांगत होती, की हे फक्त तिथेच कर जिथे नोंदणी क्रमांक तीनशे सतरा आहे. तीनशे सतरा म्हणजे तो स्वतः. आजोबा मोबाइलचा उपयोग फक्त किती वाजले ते बघायला करत. मेसेज त्यांच्याकडे गेला काय आणि विहिरीत गेला काय, सारखंच.

"चला, चला, मशीनं बंद करा!" लॅबचा शिपाई दारातून ओरडला आणि त्याने पहिला दिवा घालवला.

लॅबकरला माउसने दोन्ही ओळी निवडून चालवायच्या होत्या. गडबडीत निवडली गेली एकच, पहिली. त्याने बटण दाबलं. पडद्यावर कसलासा आकडा उमटला, पण तो वाचायच्या आत शिपायाने मेन स्विच खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आजोबा जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून बसले होते. समोर कोऱ्या कार्डांची चवड होती. आजोबांनी अडतीस वर्षं पोस्टमन म्हणून काढली होती आणि निवृत्त झाल्यापासून दारावरची बेल वाजली की आपण आत आहोत याचंच त्यांना वाईट वाटे.

"ये," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आज मला दोनशे तेरा पत्रं आली."

"पत्रं?"

"या फोनमध्ये. अकराच्या ठोक्याला जो थरथरायला लागला, तो टेबलावरून खालीच पडला. उघडून बघितलं तर सगळी पालकांना लिहिलेली. तुमचा मुलगा गैरहजर, तुमची मुलगी गैरहजर. माझ्याकडे चुकून आलीयत. कुठंतरी बटवड्यात घोटाळा झालाय."

काल न वाचलेला आकडा काय असणार, हे लॅबकरला त्या क्षणी कळलं. कॉलेजात आठशे चाळीस विद्यार्थी होते.

"मग... मग पुसून टाका ना, आजोबा."

आजोबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "दुसऱ्याचं टपाल? पुसून?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मी एकेक कार्डावर नावानिशी उतरवून घेतोय. उद्या तुझ्या कॉलेजातून पत्ते आणतो आणि वाटायला सुरुवात करतो."

दुसऱ्या दिवशी लॅबकरने सरांना गाठलं आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "सर, समजा, एखाद्याने चुकून डेटाबेसमध्ये काही गडबड केली, तर जुनी प्रत असते ना?"

"असते तर!" सर अभिमानाने म्हणाले. "रोज पहाटे आपोआप निघते."

"म्हणजे परवाची असेल?"

"परवाची कशी असेल? कालची परवाच्यावर बसते, आजची कालच्यावर. जुनं साठवून जागा कशाला अडवायची?"

"आणि प्रवेशाचे कागद?"

"अरे, प्रवेश ऑनलाइन झाल्यापासून कागद लागतो कशाला? सगळं डेटाबेसमध्ये आहे!"

तिकडे ऑफिसात हेडक्लार्क बाईंसमोर आजोबा उभे होते. खाकी शर्ट, खांद्याला जुनी पिशवी. बाई पत्ते कुणालाही देत नसत. प्राचार्यांनी मागितले तरी अर्ज करा म्हणत. पण आजोबा म्हणाले, "टपाल अडलंय, बाई." ते त्यांनी अशा सुरात म्हटलं, की बाईंनी दोनशे तेरा पत्ते छापून वर पाणीही विचारलं.

मग कॉलेजच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. मेसेज आला की पालक तो जेवणानंतर, झोपताना, नाहीतर कधीच वाचत नसत. पण दारात एक म्हातारा माणूस धापा टाकत उभा राहतो, नाव विचारून खात्री करून घेतो, कार्ड हातात देतो आणि सही मागतो, तेव्हा ते वाचावंच लागतं. एका घरी खुद्द गैरहजर चिरंजीवांनीच हात पुढे करून कार्ड घ्यायचा प्रयत्न केला. "पालकांच्याच हातात," आजोबा म्हणाले आणि वडील कामावरून येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.

गुरुवारी वर्गात बाकं पुरेनात. शुक्रवारी मुलं खिडकीत बसली. प्राचार्यांनी सरांना बोलावून त्यांची पाठ थोपटली.

"तुमची सिस्टीम भलतीच लागू पडली हो!"

"त्यात बरीच मेहनत आहे, सर," डेटाबेसचे सर म्हणाले. ते खोटं नव्हतं. फक्त मेहनत त्यांची नव्हती.

लॅबकर मात्र रोज घरी येताना आईचा चेहरा आधी बघत असे. त्या दोनशे तेरांत त्याचंही कार्ड होतं. पण आजोबा टपाल भागाप्रमाणे लावत, आणि गावाच्या त्या टोकापासून सुरुवात केल्यामुळे स्वतःचं घर सगळ्यात शेवटी येत होतं. अकराला येणारी नवी पत्रं रोज कमी होत होती आणि पिशवी हलकी होत होती. त्याला जेवण जात नव्हतं.

खूश झालेल्या प्राचार्यांनी सोमवारी फर्मान काढलं: सर्व पालकांची सभा, सर्वांना मेसेज पाठवा. अकरा वाजता आजोबांचा फोन थरथरू लागला तो पावणेबारापर्यंत थांबला नाही. मग तो एकदा गरम झाला आणि बंद पडला. संध्याकाळी तो पुन्हा सुरू झाला तेव्हा आजोबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी होती.

"आठशे चाळीस आहेत," ते म्हणाले. "तू निम्मी लिहून दे. मी उद्या लवकर निघतो."

"आजोबा, या पायानं?"

"पाय माझा दुखतोय. त्यात लोकांच्या टपालाचा काय दोष?"

लॅबकर त्यांच्या शेजारी बसला आणि लिहू लागला. सतरा कार्डं लिहून झाल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. आपल्या एका मेसेजपायी हा माणूस आठवडाभर गाव तुडवतोय आणि आपण फक्त आपली कातडी वाचवतोय. अठराव्या कार्डावर त्याने पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. दोन ओळी, एक निवडलेली, एक राहिलेली.

आजोबांना सर्व्हर कळला नाही, पण गुन्हा बरोबर कळला.

"म्हणजे तू आईचं टपाल मधल्या मधे वळवलंस?"

"हो."

"आणि एकटीचं वळवायचं तर सगळ्या गावाचं वळवलंस?"

"...हो."

आजोबांनी पिशवीच्या तळातून एक कार्ड काढलं. त्यावर लॅबकरचं नाव होतं. "हे शेवटचं राहिलंय," ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता जिना चढवत नाही. तू पोचव. आणि सही आण."

आई वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने कार्ड वाचलं, सगळी हकीकत ऐकली आणि सही केली. ओरडली नाही.

"उद्या प्राचार्यांना जाऊन हे असंच सांगायचं," ती म्हणाली. "मामाचं मग बघू."

प्राचार्य मात्र ओरडले, तेही दार उघडं ठेवून. सर्वांत जास्त पडला तो डेटाबेसच्या सरांचा चेहरा, कारण पाठ थोपटल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. शेवटी निकाल लागला, की प्रत्येक विद्यार्थ्याने पालकांचा नंबर सहीनिशी कागदावर आणून द्यावा आणि ज्याने घालवले त्याने ते परत भरावेत; तोवर मेसेज बंद. सरांनी फळ्यावरचा पासवर्ड स्वतःच्या हाताने पुसला.

नऊ दिवस लॅबकर ऑफिसात हेडक्लार्क बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसला. दार उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत. प्रत्येक बदलाला त्याने अट घातली, ओळ चालवण्याआधी बोट ठेवून मोठ्याने वाचली, आणि 'एक ओळ बदलली' असं उमटल्याशिवाय पुढचा कागद उचलला नाही. तीनशे सतरावर आला तेव्हा तो क्षणभर थांबला. मग त्याने आईचा नंबर टाकला आणि दोनदा तपासला.

दहाव्या दिवशी अकराला सिस्टीम पुन्हा सुरू झाली. अकरा वाजून दोन मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला. बाईंनी उचलला.

"हो, बोला... हो ना, बाई, अगदी खरं आहे. गेले नऊ दिवस तुमच्या मुलानं वर्गात पाऊल टाकलेलं नाही," त्या समोर बसलेल्या लॅबकरकडे बघत म्हणाल्या. "आता? आता माझ्यासमोरच बसलाय. देते."

लॅबकरने फोन घेतला.

"मेसेज आलाय," आई म्हणाली. "सलग नऊ दिवस गैरहजर."

"आला?" तो खुर्चीतून उठलाच. "तुझ्या फोनवर आला? तुझाच ना? दुसऱ्या कुणाचा नाही ना आला?"

"माझाच आलाय."

"एकच?"

"एकच."

"आई, मग जमलं!" तो इतक्या मोठ्याने ओरडला, की बाईंच्या हातातला शिक्का भलत्याच कागदावर पडला. मग आपण नेमकं कशाबद्दल ओरडलो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो हळूच खाली बसला.

पलीकडे वॉर्डातली कसलीशी ट्रॉली खडखडत गेली.

"मामाला फोन केलास?" त्याने शेवटी विचारलं.

"आत्ताच केला."

"काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? मीच सांगितलं, दुसरा कुणीतरी बघ म्हणून," आई म्हणाली. "दुकान काचेचं आहे रे. दुसऱ्या कुणाच्या हातून फुटला तर एखादा पेला फुटेल. तुझ्या हातून एक फुटायचा तर आठशे चाळीस फुटतील. तू आधी कॉलेजातच शीक."