दुसऱ्यांच्या मनातल्या गाठी

आमचे शेजारी दशरथभाऊ कुणाच्या दुखण्याची चौकशी करत नसत, थेट पोथीतला अध्याय वाचायला सांगत. सर्दी असो, साहेबाची बोलणी असोत, की आठ वर्षं नंबर लावून मिळालेली आणि तरी सुरू न होणारी माझी स्कूटर. "मनातली गाठ हाये गा, वसंता. पोथी वाच, सुटते!"

घराणं उमरेडच्या विणकरांचं. भाऊ कचेरीत कारकून झाले, पण गाठी सोडवायची खोड गेली नाही. बायको कमल वारल्यावर त्यांनी पोथी धरली आणि पोथीने आम्हाला धरलं.

माझी बायको पालीला भिते, एवढं त्यांना कळायचा अवकाश. "वहिनी, भेव पालीत नाही, तुमच्यात हाये!" अकरा दिवस आमच्या स्वयंपाकघरात पाट मांडून, भिंतीवरच्या पालीसमोर त्यांनी खड्या आवाजात अध्याय वाचला. वरण उतू गेलं तरी उठायची सोय नाही. बाराव्या दिवशी बायको पालीला भीतच होती. वर भाऊंनाही भिऊ लागली.

एकदा वैतागून मी विचारलं, "आणि तुमची गाठ हो, भाऊ?"

"माही मोठी हाये," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्या उन्हाळ्यात हर्नियाचं ऑपरेशन होऊन मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात पडलो. अख्खा मोहल्ला भेटून गेला, भाऊ नाहीत. बायको म्हणाली, "रोज येतात ना, गेटपर्यंत. तिथूनच परततात."

माझं डोकंच फिरलं. जगाला उपदेश, आणि स्वतःला एक व्हरांडा ओलांडवत नाही!

पाचव्या दिवशी दुपारी ते दारात उभे. सदरा घामाने चिंब. स्टुलावर बसले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"काय भाऊ, आज वाट चुकलात?"

"कमलले इथंच आणलं होतं," ते म्हणाले. "मी आत आलोच नाही गा. भेव वाटलं. तीन दिवस गेटावर उभा होतो. ती इचारे म्हणे, 'हे कुठी हायेत?'"



बऱ्याच वेळाने त्यांनी मनगट सोडलं. "बायांचा वॉर्ड वरतंच हाये ना?"

"हो. जिना चढून डाव्या हाताला."

ते उठले. उघड्या दारातून जिना दिसत होता. कठडा धरून एकेक पायरी चढले, मधल्या वळणावर थांबले. माझ्या पायथ्याशी बसलेली बायको सोबतीला उठली, तिला मी खुणेने बसवलं. मग त्यांची पावलं वर गेलेली आम्ही दोघांनी ऐकली.