नवरीचा काका

आमच्या आळीत दोरीवर वाळत घातलेला शर्ट सुलटा राहत नाही. सकाळी तुम्ही नीट झटकून घाला, आत जाऊन चहा घ्या, बाहेर येऊन बघा, तो उलटा झालेला असतो. शिवणी बाहेर, गळ्याची चिठ्ठी बाहेर, आणि खांद्याला लावलेले चिमटे काढून खालच्या कडेला लावलेले. वारा असले उद्योग करत नाही. भुताटकीही नाही. हा उद्योग आमच्या शेजारच्या छगनचा आहे आणि त्याला त्याची काडीइतकीही लाज नाही.

मसोलीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. छगन माझ्याच वयाचा. बोटींना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. लग्न केलं नाही, आणि करून द्यायला कोणी नव्हतंही. आईबाप लवकर गेले. रानशेतला चुलत घर आहे, पण त्यांनी जमिनीच्या वाटणीनंतर ओळख सोडली. आळी त्याला छगनभाई म्हणते. मी नुसतं छगन म्हणतो. मी तलासरीकडे शाळेत मास्तर होतो म्हणून तो मला गुरुजी म्हणतो, आणि गुरुजी म्हणून झालं की माझं काहीएक ऐकत नाही.

समोरच्या रेखाने एकदा त्याला रंगेहाथ पकडला. तिच्या नवऱ्याचा क्रिकेटचा टी-शर्ट दोरीवर होता आणि छगनचे दोन्ही हात त्याच्या बाह्यांत होते.

"छगनभाई, दुसऱ्याच्या दोरीला हात लावता, शरम नाय वाटत?"

"शरम तुला वाटली पायजे," छगन उलट तिच्यावरच चढला. "नवऱ्याचं नाव हाय त्याच्यावर, नि तू त्याला भर उन्हात टांगलास! प्रिंट तडकंल, पापडासारखी. कपडा नाय तो. मानूस छापलाय त्याच्यावर!"

हे त्याचं ब्रीदवाक्य. ते ऐकून रेखा भांडायचं विसरली आणि आ वासून बघत राहिली. तेवढ्यात त्याने शर्ट उलटा करून सावलीत हलवलासुद्धा.

आता या वेडाची सुरुवात कुठे झाली ते सांगतो, आणि सांगताना मला पुन्हा संताप येणार आहे हेही आधीच सांगतो. सुरुवात माझ्याच घरात झाली. माझी मुलगी पूर्वा, तिच्या हळदीत.

हळदीला घरातला सगळ्यात जुना कपडा घालायचा, कारण हळद निघत नाही, एवढी अक्कल आमच्या आधीच्या सगळ्या पिढ्यांना होती. आता नवे पिवळे टी-शर्ट छापून घेतात. नवे! हळद लावायला! आणि पाठीवर प्रत्येकाचं नातं. नवरीची आई, नवरीची आत्या, नवरीचा मामा. माझ्या मेहुणीच्या मुलाच्या पाठीवर तर 'नवरीचा भाऊ, नाद नाय करायचा' असं होतं. तो मुलगा पालीला घाबरतो. माझ्या पाठीवर 'नवरीचा बाप'. आयुष्यभर मी फळ्याकडे तोंड करून वर्गाला पाठ दाखवली, पण तिच्यावर काही लिहायची कुणाची छाती झाली नव्हती. तसाच मला सकाळी बर्फी आणायला डहाणूच्या बाजारात पिटाळलं. मिठाईवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी मला मागून वाचलं.

कुणाच्या पाठीवर काय छापायचं ते पूर्वाने परस्पर ठरवलं होतं. गठ्ठा सोडला तेव्हा त्यातून एक शर्ट काढून ती भिंतीपलीकडे गेली. त्याच्यावर छापलं होतं, 'नवरीचा काका'. मला सख्खा भाऊ नाही, तेव्हा ही जागा रिकामीच होती म्हणा. आळीची पोरं त्याला छगनभाई म्हणतात, काका फक्त पूर्वा म्हणते. बोलायला लागली तेव्हापासून.

छगनने शर्ट दोन्ही हातांवर आडवा धरला. मला वाटलं, माणूस आता दोन शब्द बोलेल, डोळे पुसेल, काहीतरी करेल. त्याने विचारलं, "ह्याला धुवायचं कसं?"

पूर्वा म्हणाली, "काका, आधी घाला तरी!"

पण तो रिक्षा करून छापणाऱ्याच्या दुकानात गेला. दुकानदाराने सांगितलं, उलटा करून थंड पाण्यात धुवा, ब्रश मारू नका, पिळू नका, सावलीत वाळवा, छापल्या बाजूने इस्त्री लावू नका. एवढं ऐकून शहाणा माणूस घरी आला असता. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, थंड म्हणजे किती थंड ते विचारायला. दुकानदाराने वैतागून सांगितलं, बर्फासारखं. बर्फ! छगनला! त्याने कारखान्यातून लादीचा तुकडा आणला आणि बादलीत टाकला. त्या दिवसापासून त्या शर्टाची आंघोळ बर्फाच्या पाण्याने होते. स्वतःला सर्दी झाली की हा माणूस गरम पाण्यासाठी गॅस पेटवायचा कंटाळा करतो.

हळदीच्या दिवशी तो संध्याकाळभर उभा होता. खुर्ची दिली, बसेना. का, तर पाठ घासली जाईल. शेवटी माझ्या मोठ्या साडूने त्याला दंडाला धरून स्टुलावर बसवलं. पुढे पूर्वाच्या सासरी, तलासरीला, पूजेला गेलो तेव्हा हा एसटीत पुढच्या सीटची दांडी धरून, ओणवा होऊन, सबंध रस्ताभर बसला होता. कंडक्टरने मला हळूच विचारलं, "काकांच्या पोटात दुखतंय काय?" मी खिडकीबाहेर बघितलं. ओळख दाखवावी असं ते दृश्य नव्हतं.

बरं, स्वतःचा शर्ट सांभाळ, कुणाची ना नाही. पण याला सगळ्या गावाचे शर्ट सांभाळायचे. मंडळाच्या टी-शर्टवर कुणी खांद्याची बॅग अडकवली की हा रस्त्यात थांबवणार. अमावस्येला छापलेला कपडा भिजवू नये, हा नियम त्याने कुठून काढला देव जाणे. मी म्हटलं, चंद्राचा नि टी-शर्टचा संबंध काय? म्हणाला, "भरतीचा नि चंद्राचा संबंध हाय ना? मंग पान्याचा झालाच." मी मास्तर होतो. असल्या उत्तराला आम्ही अर्धा गुण देत असू, तोही हसू आवरल्याबद्दल.

आणि मग ते लादीचं भांडण. हळदीनंतर ते पिवळे शर्ट घरात नुसते पडून होते. माझी बायको मंदा व्यवहारी बाई. तिने पूर्वाच्या आत्याचा शर्ट माझी स्कूटर पुसायला काढला आणि माझा लादीला. एका सकाळी ती ओटा पुसत होती आणि छगन फाटकात उभा राहून ओरडला, "वहिनी! तुमी गुरुजींनी लादी पुसता?"

"पुसते," मंदा मान वर न करता म्हणाली. "इतक्या वर्षांत त्यांनी लादीला हात लावला नाही. आता तरी पुसू देत."

मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

पण छगनला हसू आलं नाही. "नवरीचा बाप लिवलंय त्याच्यावर. बाप! नि तुमी त्याच्यानं चिखल काढता? लोकांना छापून द्यायला कोन नसतं, नि तुमी..." तो फडकं उचलून घेऊन गेला. दोन दिवसांनी बर्फात धुतलेलं, सावलीत वाळवलेलं, अक्षरांवर वर्तमानपत्र ठेवून घडी घातलेलं ते फडकं त्याने माझ्या हातात दिलं, आणि वर महिनाभर आमच्याशी अबोला धरला. म्हणजे शर्ट माझा, पाठ माझी, पोरगी माझी, आणि रागावणार हा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मंदाला सांगून टाकलं, या माणसाला घरात घ्यायचं नाही.

मंदा म्हणाली, "बरं." आणि नेहमीसारखी बोंबलाच्या कालवणाची वाटी भिंतीवरून पलीकडे दिली.

गेल्या श्रावणात पूर्वाचं डोहाळजेवण आमच्याकडे ठरलं. तलासरीहून सासरची मंडळी यायची होती. त्यात जावयाची आत्या पहिल्यांदाच येणार होती. लग्नाच्या वेळी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तिला आमच्यापैकी कुणाचंच तोंड माहीत नव्हतं. छगन आठ दिवस आधीपासून आकाशाकडे बघत होता. शर्ट धुवायचा, तर वाळला पाहिजे. मी म्हटलं, कपाटात धुतलेलाच तर आहे! म्हणाला, "पोरगी एवढ्या दिवसांनी येनार, नि मी कपाटातला वास घेऊन येऊ?"

त्या दिवशी मंडळी आली, पाट मांडले, पूर्वाला फुलांच्या माळा घातल्या. छगनचा पत्ता नाही. पूर्वाने दोनदा विचारलं, काका कुठे? ओटी भरायची थांबवून ठेवली होती तिने. पाहुण्यांसमोर हा खोळंबा! मी चप्पल न घालताच तणतणत भिंतीपलीकडे गेलो. चार गोष्टी सुनावायच्याच या तयारीने.

दार उघडंच होतं. आत जळक्या प्लॅस्टिकचा वास. छगन बनियनवर खाटेच्या कडेला बसला होता. मांडीवर तो पिवळा शर्ट, आणि जमिनीवर इस्त्री. इस्त्रीच्या बुडाला काळं-पांढरं काहीतरी चिकटलं होतं. ती अक्षरं होती.

सकाळी भिजवलेला शर्ट पावसाळी हवेत वाळला नव्हता. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, पूर्वाचा आवाज आला, आणि या माणसाने घाईघाईत इस्त्री तापवून सरळ छापल्या बाजूवर दाबली. ज्याने आख्ख्या आळीला वर्षभर धडे दिले, त्याने! लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मला खरं तर हसू फुटायला हवं होतं. केवढ्या दिवसांचा सूड आयता हाती आला होता.

"चल," मी म्हटलं. "दुसरा शर्ट घाल."

"तुमी व्हा पुढं. मी नाय येत."

"का?"

"कोन म्हनून येऊ, गुरुजी?" त्याने शर्टवरून हात फिरवला. तिथे आता नुसते चिकट वळ होते. "ती सगळी तिकडची मानसं. इचारतील, हा कोन. काय सांगू?"

मला एवढा राग आला, एवढा राग आला, की मी त्याच्या खोलीत उभा राहून ओरडलो. त्याला म्हटलं, अरे मूर्खा, ती पहिलं पाऊल टाकून पडली ती तुझ्या ओट्यावर. तिला ताप चढला तेव्हा डोक्यावर ठेवायला पहाटे सायकलवरून बर्फ कोण घेऊन आला? पावसात तिला शाळेत कोण सोडत होतं, मी तर तलासरीच्या पहिल्या एसटीत असायचो! तेव्हा तुझ्या पाठीवर काय छापलं होतं रे?

तो खाली बघत म्हणाला, "तवा कोन इचारत नव्हतं."

खुंटीवर त्याचा पांढरा शर्ट होता, तो काढून मी त्याच्या अंगावर फेकला. त्याने बटणं लावली, एक वरखाली झालं ते मीच नीट केलं, आणि दंडाला धरून त्याला आमच्या घरात आणला.

तो दारालगत भिंतीला टेकून उभा राहिला. पूर्वाचा चेहरा उजळला. "आले काका," ती म्हणाली, पण बायकांच्या गाण्यात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. जावयाच्या आत्याबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी छगनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "हे कोण?"

छगनने पाठ फिरवली. सवयीने. वर्षभर कुणी विचारलं की तो तोंडाने काही सांगायचाच नाही, नुसता वळून उभा राहायचा. तसाच आताही वळला. पाठीवर पांढरं कापड आणि घामाचा डाग. गाणं थांबलं. आत्याबाई चष्मा सावरून बघत राहिल्या. मग त्याचं त्याच्याच लक्षात आलं. तो हळूहळू परत फिरला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"मी काका," तो म्हणाला. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "पोरीचा काका हाय मी."

"असं?" आत्याबाईंनी माझ्याकडे मान वळवली. "सख्खे?"

पूर्वा काहीतरी बोलणार होती. छगन चौकटीकडे सरकायला लागला होता.

"सख्खे!" मी म्हणालो. "धाकटा भाऊ माझा."

आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण मंदा हातातल्या झाऱ्यासकट स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.