सगळे आले का?

मोहितेकाकांना नमस्कार केला की उलट नमस्कार येत नसे, प्रश्न येई : "सगळे आले का?" लग्नात पंगत बसली की विचारणार. राम घाटावरून मंडळी अंघोळ करून निघाली की विचारणार. एकदा न्हाव्याकडे एकट्याच बसलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं. तो बिचारा मागे वळून बघू लागला.

उभी हयात फायर ब्रिगेडमध्ये गेली. रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि पेन्शनीत परवडेल अशी खोली मिळाली ती पार शहराच्या टोकाला, नानाखेड्याला. तिथेही पँट बुटांत खोवून खाटेशी उभी. घंटा झाली की एका उडीत तयार!

"काका, इथे कोण घंटा वाजवणार?" मी विचारी.

"वही तो रोना है," म्हणत. रोज सकाळी पहिल्या टेम्पोने ते आपल्या जुन्या फायर स्टेशनच्या फाटकाशी जात, आत डोकावून तोच प्रश्न विचारत आणि परत येत.

आता माझं नीट ऐका. देशाची दारं जगाला उघडली, फ्रीगंजच्या बाजारात परदेशी टीव्ही आले, आणि आगीत शिरून माणसं काढणाऱ्यांची पेन्शन मात्र जिथल्या तिथे! बाकीच्यांची वाढली, ह्यांची का नाही? तर म्हणे फाइल विचाराधीन. कसला विचार, अन् कोण करतंय? मी पत्रकं छापली, म्हातारे गोळा केले आणि टावर चौकात चक्काजाम ठरवला.

सकाळी बघते तर काकांनी चौकाच्या मधोमध चुन्याच्या दोन रेघा मारून पट्टा मोकळा ठेवलेला.

"काका, हा कसला चक्काजाम?"

"नेताजी," मला ते असंच म्हणत, "सरकार को रोको, गाडी को मत रोको. बंब आला तर?"

"आजच येणार आहे का?"

"तो विचारून येतो होय?"

आणि आला! भर दुपारी, घंटा घणघणत. मागच्या गल्लीत कापडाच्या दुकानाला आग. सगळे म्हातारे ताडकन उठले, रेघांवर हातात हात धरून उभे राहिले, आणि बंब त्या पट्ट्यातून सरळ गेला. आग एका कोपऱ्यातच विझली. सकाळपासून आम्हाला शिव्या घालणारा त्या दुकानाचा सेठ दुसऱ्या दिवशी पोह्यांची परात घेऊन आमच्यात येऊन बसला. त्याच्यामागे अख्ख्या बाजाराने शटरं ओढली. मग साहेब हलले, फाइल हलली. पेन्शन वाढली! साऱ्यांची!

मिरवणुकीत काकांना खांद्यावर घेतलं. वरून ओरडताहेत, "अरे, सगळे आले का?"

वाढीव पेन्शन हाती येताच त्यांनी नानाखेडं सोडलं. मी नवी खोली बघायला गेले. आधीच्याहून लहान, भाडं जास्त, खिडकी थेट फायर स्टेशनच्या फाटकावर.

मी भडकलेच. "ह्यासाठी भांडलो आपण? दूध-फळं खा, पंखा घ्या!"

"तिकडे ऐकू येत नव्हतं गं," काका म्हणाले. "पोरं गेली का, परत आली का... सकाळपर्यंत कळायचं नाही. डोळा लागायचा नाही."

तेवढ्यात बंब आत शिरला. काळवंडलेली पोरं उतरू लागली. काका खिडकीशी गेले, ओठ हलवत एकेकाला मोजू लागले. शेवटच्याने वर बघून हात केला, "आ गए, दादा! सब आ गए!"

काका खाटेवर टेकले. आणि पहिल्यांदाच त्यांनी मला दुसरंच काही विचारलं.

"नेताजी, चहा घेणार?"