संथ चालीची कॅसेट

सोनपेठच्या हायस्कुलातल्या दिनकरराव सरांनी आजवर एकाही नव्या कॅसेटीला चांगलं म्हटलं नव्हतं. परभणीहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात ते नव्या गाण्यांवर सदर लिहीत आणि त्यात बँजो पार्टीवाल्या पोरांची बिनपाण्याने करत. आजकालची गाणी म्हणजे नुसती पळापळ, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या कडकपणामुळे गावात त्यांची वट होती. सर चांगलं म्हणतील तीच कॅसेट घ्यायची, असं लोकांनी ठरवलं होतं. सर कधी म्हणत नसत, त्यामुळे कोणाचा खर्चही होत नसे.

अशा माणसाने ‘राणीसावरगावचा दणका’ या कॅसेटीवर भाळावं, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. नावावरून ती हळदीत नाचायची गाणी दिसत होती. सरांनी तोंड वाकडं करूनच ती घरच्या टेपवर लावली, तर आतून जड, भरल्या गळ्याचा आवाज आला. ‘ये गं मांडवात ये,’ असं कोणीतरी कोणाला तरी बोलावत होतं, आणि ती येणार नाही हे त्याला ठाऊक असावं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. नव्या गाण्याने आपल्याला रडवावं हे त्यांना मुळीच आवडलं नाही, पण रडू आलं खरं. त्यांनी बसल्या बैठकीला लिहून टाकलं: ‘लग्नाच्या गाण्याआड एवढं दुःख झाकणारा गायक आपल्या जिल्ह्यात आहे. ज्याच्या घरात शोक असेल, त्याने ही कॅसेट जरूर ऐकावी.’

हे शेवटचं वाक्य नडलं.

आडत दुकानवाले व्यंकटराव यांच्या आई नुकत्याच वारल्या होत्या. सरांचा शब्द प्रमाण मानून त्यांनी कॅसेट मागवली आणि थेट तेराव्याच्या पंगतीला लाउडस्पीकरवर लावली. कर्ण्यातून ढोलकी कडाडली, बँजो सुटला, मधेमधे शिट्ट्या वाजू लागल्या. वाढपी भाताचं घमेलं घेऊन ठेक्यात चालू लागले. तोंड पाडून बसलेल्या एका दूरच्या मामांचा खांदाही हलला म्हणतात. व्यंकटरावांनी धावत जाऊन वायर उपटली, तोवर पोरं पत्रावळ्यांमधून नाचून झाली होती.

पंगतीतल्या दिनकररावांचा घास तोंडातच राहिला. ते हात धुऊन तडक घरी आले आणि स्वतःची कॅसेट लावली. तोच दणका!

“हे असं कामून वाजायलंय?” त्यांनी बायकोला विचारलं.

“सेल बदलले की मी परवा,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “जुने पार उतरलते, टेप रेंगाळत चालायचा. मानूस गायलाय का रेडा हंबरायलाय, तेच कळंना.”

सरांनी टेप बंद केला. इतक्या वर्षांची इज्जत उतरलेल्या सेलांनी घालवली होती. आता सदर बंद होणार, गाव हसणार, हे उघडच होतं. पण त्याहून त्यांना दुसरीच गोष्ट लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तर खोटं नव्हतं. मग आपण रडलो कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळीच व्यंकटराव दारात हजर झाले. “मास्तर, माझ्या मायच्या तेराव्याला मांडवात पोरं नाचली! हे दुःख व्हय?”

सर खरं सांगायला तोंड उघडतात, तोच एक तरणा गडी अंगणात आला. त्याने साप्ताहिकाचं कात्रण पुढे धरलं आणि सरांचे पाय धरले.

“मी बन्सीधर. राणीसावरगावचा. कॅसेट माझीच हाय,” तो म्हणाला. “सर, तुमाला कसं कळलं?”

“काय कळलं?”

“माझी बहीन हळदीच्या आधीच वारली. मांडव तसाच उभा व्हता. तवा केलतं हे गानं, लय दमानं म्हनायचं. पर कंपनीवाला म्हनला, असलं रडगानं कोन घेईल? त्यानं चाल पळवली, शिट्ट्या घातल्या. माझं गानं मलाच वळखू येईना. अन् तुमी बरोबर वळखलं.”

“म्हणून दाखव,” सर कसंबसं म्हणाले.

बन्सीधर तिथंच ओट्यावर टेकून, नुसत्या गळ्याने गायला. चाल अगदी सरांनी पहिल्यांदा ऐकलेली तीच होती, जड आणि संथ. दिनकररावांना पुन्हा भरून आलं, आणि या वेळी ते लपवावंसं वाटलं नाही. व्यंकटराव उंबऱ्याला धरून उभे होते. आईच्या तेराव्यापर्यंत धावपळीत त्यांना रडायला सवड मिळाली नव्हती. आता ते धोतराचा सोगा तोंडाला लावून हुंदके देऊ लागले.

गाणं संपल्यावर ते पुढे आले. “सर, चुकलं माझं. एवढ्या धिंगान्यातून तुमी हे ऐकलंच कसं? तुमचा कान लय मोठा!”

रुख्मिणीबाई दारात उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे बघत होत्या. सरांनी घसा साफ केला. गप्प राहिलं तर वट दुप्पट होणार होती. पण बन्सीधरच्या तोंडाकडे बघून त्यांना खोटं बोलवेना.

“माझा कान नव्हे,” ते म्हणाले. “टेपचे सेल उतरले होते.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“बघा,” व्यंकटराव हळू आवाजात बन्सीधरला म्हणाले, “खरा जानकार कधी आपला मोठेपना सांगत न्हाई.”

“अहो, खरंच सेल उतरले होते!” सर ओरडले.

बन्सीधरने पुन्हा त्यांचे पाय धरले.