दुखण्याचा कंडक्टर

शिरपूर जैन आणि पंचक्रोशीतील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमचे शेजारी शेषराव कंडक्टर स्वतःच्या घरातून बाहेर पडताना घंटी वाजवतात. एकदा नव्हे, दोनदा. चुकून एकदाच वाजली तर पायात चप्पल असली तरी उंबरठ्यावर थांबून राहतात. ज्यांना यात हसण्यासारखं काही वाटत असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे मला या माणसाविषयी आदरानं बोलायचं आहे, आणि ते मला फार वेळ जमत नाही.

घंटी खरी आहे. शेषरावांची सगळी नोकरी लाल गाडीत गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. यांनी भंगारवाल्याकडून जुन्या बसची घंटी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा आणला. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत दोरी ताणली. सिंगल बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. दूध उतू जायला लागलं की स्वतःच सिंगल बेल देतात आणि स्वतःच गॅसकडे धावतात. घरात दुसरं कोणी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला.

पण गावात त्यांचं नाव आहे ते दुखणी उतरवण्यासाठी. पाठ, मान, गुडघा, खांदा. छातीत दुखतं म्हणून कोणी आलं, तर मात्र हात लावत नाहीत. "हा आपला रूट नाई," म्हणतात आणि त्याच पावली दवाखान्यात पिटाळतात.

माझी मान धरली तेव्हा मी गेलो होतो, मुख्यतः गंमत पाहायला. शेषरावांनी मला स्टुलावर बसवलं, हातात चिमटा घेतला आणि विचारलं, "कुठून चढलं?"

"काय?"

"दुखणं, भाऊ. कुठून चढलं आन् कुठपर्यंत जाते?"

मी म्हटलं, मानेतून चढतं, कोपरापर्यंत जातं.

"आता आयका. दुखणं म्हनजे पॅसेंजर हाये. त्याले हाकललं तर थे दांडा धरून बसते. त्याले उतरायचं गाव सांगा, आपोआप उतरते."

मग त्यांनी एका चपट्या बाटलीतून तेल काढलं आणि सावकाश चोळायला सुरुवात केली. मधूनच चिमटा टकटक वाजवायचा आणि पुकारा करायचा. खांदा आला, खांदेवाले पुढं या. दंड आला. कोपर, लास्ट स्टॉप, गाडी खाली करा. वाचकहो, मी शिकलासवरला माणूस आहे. तरीही सांगतो, कोपराशी आल्यावर काहीतरी खरंच उतरलं. पिशवीसकट उतरलं.

पुढे एकदा मी त्यांना रंगेहाथ पकडलं. तेलघाण्यावरून आणलेल्या जवसाच्या तेलाच्या कॅनमधून ती चपटी बाटली भरत होते. वर कापराची एक वडी. झालं औषध. मी दारातच टाळी वाजवली. शेषराव शांतपणे म्हणाले, "मान दुखते का आता?"

"नाही."

"मंग कायले वाईट वाटून घेता?"

सगळ्यात वाईट हे की पुढच्या खेपेला जवस आहे हे माहीत असूनही माझी मान मोकळी झाली. याचा उलगडा पुढे एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी केला. त्या म्हणाल्या की कोणी आपलं दुखणं मन लावून हातात घेतलं आणि आता ते उतरणार असं आपल्याला वाटलं, की मेंदू स्वतःच त्या दुखण्याचा आवाज कमी करतो. तेल नुसतं निमित्त. शेषरावांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. म्हणजे तिकीट आपलं, गाडी ज्याची त्याची, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

या मॅडम वाशीमहून गावात येऊ लागल्या त्या उस्मानभाईंसाठी. उस्मानभाई म्हणजे शेषरावांचे ड्रायव्हर. 'शेषरावांचे' म्हणायचं कारण, दोघांनी जवळजवळ सगळी नोकरी एकाच गाडीवर काढली. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी दोघं स्टँडच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवत. याचा ब्रेक लागत नाही, त्याला वळण घेता येत नाही, हा कंडक्टर आहे का पुतळा. गाडी निघून गेली की दोघं समाधानानं चहा घेत.

मग उस्मानभाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही अडलं. दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी शेषराव बाटली घेऊन हजर झाले. उस्मानभाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि अर्ध्या तोंडानं हसले. जवस आणायला तेच तर बरोबर जायचे. शेषरावांनी बाटली खिशात टाकली. घरी येताना मला म्हणाले, "साऱ्या गावाचं उतरवलं, भाऊ. याले काय सांगू?"

मॅडमनीही स्पष्टच सांगितलं. तेलानं दुखणं कमी वाटेल, पण पाय परत येईल तो सरावानं. त्या दिवसापासून शेषराव सरावाला लागले, म्हणजे उस्मानभाईंना लावू लागले.

अडचण वेगळीच निघाली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे, आणि रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून माणसं बिस्किटाचा पुडा आणि एक वाईट बातमी घेऊन जातात. एक पाहुणे आले. पुडा ठेवला आणि म्हणाले, आमच्या मामालेही असाच झटका आला होता, थो पाय मंग जमिनीले लागलाच नाई. चहा पिऊन गेले. उस्मानभाईंनी त्या दिवशी व्यायाम केला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. पाय नुसता पाहत बसले, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

उस्मानभाईंच्या बायकोनं, म्हणजे भाभींनी, हे सांगितलं मात्र, शेषराव त्यांच्या फाटकाशी उभे राहिले. खांद्यावर जुनी चामड्याची बॅग. येईल त्याला आधी विचारायचे की सोबत कोणाचा मामा-काका आणला का. आणला असेल तर गाडी फुल्ल. बरा झालेला एखादा माणूस माहीत असेल तरच आत. परिणाम असा झाला की थोड्याच दिवसांत आमच्या गावाच्या नात्यागोत्यातले लकवा झालेले सगळे लोक चालू लागले. एकाचा साडू तर पळायला लागला.

मॅडमनी हे बंद केलं. "काका, मामाही नको आणि पळणारा साडूही नको. जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. पण ते रोज सांगा."

मग शेषराव रोज खरं सांगू लागले. काल अंगठा हलला होता. आज टाच टेकली. आज धरून उभा राह्यला. खरं सांगायची सवय नसल्यामुळे त्यांना थोडा त्रास झाला, पण उस्मानभाईंना ते लागू पडलं. पायात ताकद येत गेली. उभे राहू लागले. तिथेच गाडी अडली. उभे राहत, पण पाऊल उचलत नसत. मॅडम म्हणाल्या, पाय तयार आहे. हे पायाला कळलंय, त्यांना कळलेलं नाही.

त्याच सुमारास एका संध्याकाळी मी स्टँडवर गेलो. शेषराव बाकावर एकटेच. शेजारी बाकावर रुमाल टाकलेला, गाडीत जागा धरायला टाकतात तसा. मी बसायला गेलो तर म्हणाले, "थितं नका बसू, भाऊ. जागा धरेल हाये."

मी पलीकडे बसलो. बऱ्याच गाड्या आल्या, गेल्या. त्यांनी एकाही गाडीला नाव ठेवलं नाही. शेवटी म्हणाले, उद्या घंटी नेतो त्याच्या घरी. आयुष्यभर त्याचा पाय माझ्या घंटीवर हलला, आता काहून नाही हलणार?

मॅडमना त्यात वेडेपणा वाटला नाही. सवयीच्या इशाऱ्यानं कधीकधी अडलेलं पाऊल सुटतं, करून पाहू, म्हणाल्या.

सकाळी उस्मानभाईंचं अंगण भरलं. उस्मानभाई मध्यभागी उभे, मॅडमनी कमरेचा पट्टा घट्ट धरलेला, डावीकडे भाभी. शेषरावांनी त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला घंटी बांधली आणि स्वतः दाराआड उभे राहिले. इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. बटण पोटावर लागत नव्हतं, तेवढं एक सोडलं होतं.

डबल बेल दिली.

उस्मानभाईंची पाठ ताठ झाली. डावा हात किंचित उचलला गेला, गिअरकडे जावा तसा. पाय हलला नाही.

पुन्हा डबल बेल. पाय नाही. फाटकातून कोणीतरी म्हणालं, बॅटरी डाऊन हाये वाटते. तिसऱ्या खेपेला दोन ठोक्यांमध्ये फार अंतर पडलं. गावाचं दुखणं पुकारून उतरवणारा हा माणूस आज नुसती घंटी वाजवत होता.

इथे तुम्हाला जऊळक्याची गोष्ट सांगायला हवी. फार वर्षांपूर्वी जऊळक्याला शेषराव खाली उतरून चहा पीत होते. घाईतल्या कोणा पॅसेंजरनं दोरी दोनदा ओढली, आणि उस्मानभाई निघाले. चांगले दोन थांबे पुढे गेल्यावर लक्षात आलं की गाडीत कंडक्टरच नाही. भरलेली गाडी त्यांनी पॅसेंजरांच्या शिव्या खात वळवून आणली. शेषराव मैलाच्या दगडावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. त्या दिवसापासून उस्मानभाईंनी नुसत्या घंटीवर भरवसा ठेवणं सोडलं. मान वळवून शेषरावांना गाडीत पाहिल्याशिवाय त्यांनी पुढे कधी गाडी हलवली नाही.

हे आम्ही सगळे विसरलो होतो. खुद्द शेषरावसुद्धा.

पाऊल त्या सकाळी उचललं गेलं, पण शेषराव दाराआडून येऊन मागे उभे राहिल्यावर. आता उस्मानभाई काठी टेकत, शेषरावांच्या दंडाला धरून स्टँडपर्यंत येतात, आणि बाकावरचा रुमाल उचलावा लागतो. गाड्यांना पुन्हा नावं ठेवली जातात, एका तोंडानं स्पष्ट आणि एका तोंडानं अडखळत.

पण ते सगळं नंतर. त्या सकाळी तिसरी डबल बेल विरली, आणि कित्येक दिवसांत धड वाक्य न बोललेल्या उस्मानभाईंनी मोठ्या कष्टानं मान मागे वळवली. दार रिकामं दिसलं. तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले,

"शेषराव, तू चढला का?"